सतरा चौकोन आणि समोरचं दार

मला समोरच्या बाईचा हेवा वाटतो. आजच वाटतो असं नाही, घाटकोपरच्या डोंगरावर आमच्या झोपड्या होत्या तेव्हापासून वाटतो. तिथेही तिचं दार माझ्या दारासमोर होतं, मधे हातभर रुंद उघडं गटार. मग झोपड्या पाडल्या आणि बिल्डरने आम्हाला ही इमारत बांधून दिली. खोल्या चिठ्ठ्या टाकून वाटल्या. एवढे मजले, एवढी दारं, आणि चिठ्ठीत माझ्यासमोर पुन्हा हीच निघाली. सगळ्या बायका हसल्या. मी हसले नाही.

आमच्या गल्लीत जे काही चांगलं आलं, ते आधी तिच्या दारात आलं आणि मग माझ्या. नळ आला तेव्हा पाइप तिच्या बाजूने टाकला. आम्ही गटार ओलांडून तिच्याकडून पाणी भरायचो आणि ती दारात उभी राहून म्हणायची, "भर गं, भर, लाजू नको." मी लाजत नव्हते. मला राग येत होता. विजेचा मीटर तिच्याकडे आधी लागला. गॅसची शेगडीही तिच्याकडे आधी आली, मी अजून रॉकेलसाठी रांगेत होते. तिची मुलगी शिकून नर्स झाली. आमच्या झोपड्यांच्या ओळीतली ती पहिली शिकलेली पोर. तिने पेढे वाटले, मला दोन दिले. माझा मुलगा बारावीला बसला, नापास झाला, पुन्हा बसला, पुन्हा झाला. आता कुरियरमध्ये आहे, बरं चाललंय त्याचं. पण पेढे वाटण्यासारखं काही झालं नाही.

आमच्या इमारतीसमोरच बिल्डरने मोठा टॉवर बांधला. आमच्याच जमिनीवर. तिथे वर पोहायचा तलाव आहे म्हणतात. आमच्याकडे पाणी संध्याकाळी थोडा वेळ येतं आणि जातं. लोक मला विचारतात, त्या टॉवरवाल्यांचा राग नाही येत का? नाही येत. त्या बायका गाडीतून येतात, गाडीतून जातात, त्यांचे चेहरेसुद्धा मला माहीत नाहीत. त्यांच्याशी माझं काय मोजायचं? मोजायचं ते समोरच्या दाराशी. आम्ही दोघी एकाच चिखलातून वर आलो. मग ती एक पायरी पुढे का, हे मला कळलं पाहिजे.

हे सगळं सांगायचं कारण ती गोधडी.

आमचा बायकांचा बचत गट आहे. पापड-मसाले करतो, सणासुदीला ऑर्डरी घेतो. एक दिवस एका संस्थेच्या मॅडम आल्या. तरुण पोरगी, केस कापलेले, खांद्याला कापडी पिशवी, बोलायला गोड. सोसायटीच्या ऑफिसात आम्हाला चटईवर बसवलं आणि भिंतीवर एक मोठा कागद चिकटवला. त्यावर रंगीत चौकोन. लाल, पिवळा, हिरवा, गुलाबी, निळा. प्रत्येकात एक चित्र आणि एक आकडा. सतरा चौकोन.

मॅडम म्हणाल्या, "जगातल्या सगळ्या देशांनी मिळून ही सतरा उद्दिष्टं ठरवली आहेत. गरिबी नको, भूक नको, सगळ्यांना शिक्षण, सगळ्यांना स्वच्छ पाणी. आणि विकास असा व्हायला हवा की कोणीही मागे राहता कामा नये. आणि पुढच्या पिढ्यांनाही तो पुरला पाहिजे."

मी विचारलं, "लिफ्ट कितव्या चौकोनात येते?"

बायका हसायला लागल्या. मॅडम हसल्या नाहीत, त्यांनी खरंच कागदाकडे वळून बघितलं. "अकराव्यात, आजी. शहरं आणि वस्त्या."

"मग आमचा अकरा नंबर गणपतीपासून बंद आहे," मी म्हटलं.

त्यांनी ते लिहून घेतलं. लिफ्ट अजून बंद आहे, पण लिहून घेतलं हे खरं.

मग कामाचं बोलणं निघालं. दिल्लीत मोठी परिषद भरणार होती. देशोदेशीचे लोक येणार. तिथे भिंतीवर लावायला संस्थेला एक गोधडी हवी होती, सतरा चौकोनांची, आमच्या जुन्या साड्यांची. जुनं फेकायचं नाही, त्यातून नवं करायचं, हाही एक चौकोन होता म्हणे, बारावा. मी म्हटलं, आम्ही हे गरिबीमुळे करत होतो, आता त्याला आकडा मिळाला. त्यावर मॅडम म्हणाल्या, "बरोबर आजी, तेच तर जगाला दाखवायचंय."

आणि शेवटी त्यांनी सांगितलं की आमच्यातली एक जण गोधडीबरोबर दिल्लीला जाणार. विमानाने. तिथे मंचावर बसून सांगणार की तिच्या आयुष्यात काय बदललं. तिकीट एकच.

मला जायचं होतं. आमच्या घरावरून विमानं इतकी खालून जातात की त्यांची चाकं दिसतात, भांडी थरथरतात, आणि टीव्हीतलं बोलणं तेवढा वेळ ऐकू येत नाही. इतकी वर्षं मी ती खालून बघितली. पण खरं कारण ते नव्हतं. दिल्लीचंही मला काही नव्हतं. मला हवं होतं की सगळ्यांसमोर माझं नाव पुकारावं, आणि समोरचीने चटईवर बसून ते ऐकावं. एकदा तरी आधी माझ्याकडे यावं आणि मग तिच्याकडे.

मॅडमनी एकेकीला ऑफिसात खुर्चीवर बसवून मोबाइलवर बोलणं भरून घेतलं. कोणाला पाठवायचं ते त्यावरून ठरणार होतं. माझी पाळी आली.

"आजी, इथे आल्यावर आयुष्यात काय बदललं?"

"पाणी घरात आलं. संडास घरात आला. आधी डोंगर चढत होतो, आता जिने चढतो."

"आणखी? काही मनातलं?"

"मनातलं काय?"

"म्हणजे... कधी उपाशी राहायची वेळ आली का तुमच्यावर?"

"आली."

"मग तुम्ही काय केलंत?"

"राहिले."

मॅडमनी मोबाइल खाली ठेवला. मग त्या म्हणाल्या, "थँक यू, आजी."

समोरची आत गेली तेव्हा मी दारातच उभी राहिले. ती सोलापूरकडची, दुष्काळी गावातली. तिने सुरुवात केली ती थेट लहानपणापासून. आई चिंचोके भाजायची, भिजत घालायची आणि पोरांना खायला द्यायची. मग लग्न, मग कडेवर पोर घेऊन मुंबई, बांधकामावर घमेली वाहणं, पोराला वाळूच्या ढिगाऱ्यावर झोपवणं. सांगता सांगता ती रडली. पदराने डोळे पुसले, पुन्हा बोलली, पुन्हा रडली. मॅडमचेही डोळे भरले.

ही गोष्ट मी तिच्या तोंडून किती वेळा ऐकली आहे त्याला हिशोब नाही. मेथी निवडताना सांगायची, पापड लाटताना सांगायची. एकदाही रडली नव्हती. उलट चिंचोक्यांवरून हसायची, म्हणायची, "दात असे झालते माझे, खलबत्त्यासारखे." आणि त्या दिवशी मोबाइल समोर धरल्यावर अश्रू.

माझ्या कणकवलीकडच्या घरी काय श्रीमंती होती? नाचणीची पेज, तीसुद्धा अशी पातळ की वाडग्याचा तळ दिसायचा. वडील मुंबईत गिरणीत, पैसे आले तर आले. नंतर माझा नवराही गिरणीतच लागला आणि गिरणी बंद पडली तेव्हा आमच्या खोलीत काय शिजत होतं ते मलाच माहीत. पण मला कोणी "आली का वेळ" विचारलं की मी "आली" म्हणते. आणखी काय म्हणायचं? भूक लागली होती, तिची गोष्ट करायची असते हे मला कोणी शिकवलं नाही.

मॅडमनी नाव सांगितलं. तिचं. गरिबीतसुद्धा तीच पहिली आली.

सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, नाहीतर दिसलं असतं.

मग चौकोन वाटले. प्रत्येकीने आपापला चौकोन शिवायचा, नंतर सगळे जोडायचे. समोरचीला दुसरा मिळाला, भुकेचा. पिवळसर रंगाचा, त्यात वाफाळणारा वाडगा. मला चौदावा, निळा, त्यात मासा. पाण्याखालचं जीवन.

"आजी, तुम्ही कोकणातल्या ना? समुद्र तुमच्या ओळखीचा!" मॅडम म्हणाल्या.

मी म्हटलं, "बाई गं, कणकवलीहून समुद्राला एसटीने जावं लागतं. मी मासे खाल्लेत. पाण्याखाली त्यांचं काय चालतं ते मी कशाला बघायला जाऊ?"

पण शिवला. निळी साडी माझ्याकडे होती, सुनेने टाकायला काढलेली. मासा मी पांढऱ्या धोतराचा कापला, नवऱ्याचं शेवटचं धोतर कपाटात होतं ते. आत तीन पदर जुन्या कापडाचे घातले आणि बारीक धावदोरा घालत आले. माझा टाका बारीक आहे. तिचाही आहे. तिचा माझ्यापेक्षा सरळ आहे, हे मी कोणाला सांगत नाही.

दुपारी आम्ही मधल्या पॅसेजमध्ये चटई टाकून बसायचो, ती तिच्या दाराशी, मी माझ्या. एके दिवशी तिचा चौकोन संपत आला. कडेचा वीतभर भाग शिवायचा राहिला होता. तेव्हा ती उठली, आत गेली आणि ज्वारीच्या भाकरीचा एक तुकडा घेऊन आली. त्याला गूळ लावला होता. तो तुकडा तिने त्या उघड्या कडेतून आत सरकवला, कोपऱ्यापर्यंत बोटाने ढकलला, आणि कड शिवायला लागली.

"हे काय गं?" मी विचारलं.

"घास."

"कसला घास?"

"आगं, गोधडीला घास घालत्यात. पोट रिकामं ठिवून शिवत न्हाईत. आमच्यात रीतच हाय. उपाशी गोधडी अंगावर घेतली तर माणसाला झोप लागत न्हाई."

"ही दिल्लीत भिंतीवर लावणार आहेत. हिच्याखाली कोण झोपतंय?"

"तरी बी. आपल्या हातनं उपाशी कशाला पाठवायची?" असं म्हणून तिने दोरा दाताने तोडला आणि चौकोनावरून हात फिरवला, पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

भुकेच्या चौकोनात भाकरी. मला ते लगेच कळलं, आणि कळल्याबरोबर आत काहीतरी पेटलं. तिच्याकडे गोष्ट होती, रडू होतं, दिल्ली होती, आणि आता रीतही होती. आमच्याकडे वाकळ शिवतात, अंगावर घेतात, फाटली की पायपुसणं करतात. कोणी तिला खायला घालत नाही. माझ्या सासूने शिवलेल्या वाकळीत मला कधी काही सापडलं नाही, ढेकूण सोडून.

मी आत गेले. माझा चौकोन अजून पूर्ण शिवलेला नव्हता. ओट्याखालच्या डब्यात गावाहून आलेला सुका बांगडा होता. त्याची शेपटीकडची बाजू तोडली आणि निळ्या चौकोनात, माशाच्या चित्राच्या बरोबर खाली, घातली. कड बंद केली. ती भाकरी घालते तर मी का मागे राहू? तिच्या भुकेत भाकरी, तर माझ्या समुद्रात मासा. मला ते फार शोभेसं वाटलं. मॅडमना योग्य वेळी सांगायचं असं मी ठरवलं. मंचावर सांगण्यासारखी गोष्ट आता माझ्याकडेही होती.

चौकोन जोडून गोधडी संस्थेच्या ऑफिसात गेली. मग काही दिवस काहीच नाही. आणि एका सकाळी निरोप आला, सगळ्यांनी सोसायटीच्या ऑफिसात या.

गोधडी टेबलावर पसरलेली होती. जवळ जायच्या आधीच वास आला. मला तो ओळखीचा होता, पण इतका मोठा होईल असं वाटलं नव्हतं. संस्थेचं ऑफिस एसीमुळे दारं-खिडक्या लावून बंद असतं, तिथे इतके दिवस तो गोधडीत मुरला होता. निळ्या चौकोनाला एका बाजूने भोक पडलं होतं. उंदराने कापड कुरतडून बांगडा ओढून काढायचा प्रयत्न केला होता, थोडा नेला होता, थोडा आतच होता. आणि पिवळ्या चौकोनाच्या कोपऱ्यावर मुंग्यांची रांग. कोपऱ्यातून निघायची, टेबलाच्या पायाने खाली उतरायची.

मॅडमचा चेहरा पडला होता. "हे काय आहे? कोणी मुद्दाम केलंय का? जायला थोडेच दिवस राहिलेत."

मी समोरचीकडे बघितलं. तिचा रंग उडाला होता. हात पदरात गुंडाळले होते. मला सगळं दिसत होतं: आता हिचं तिकीट जाणार. तिने भाकरी घातली हे मला माहीत होतं, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. मला तोंड उघडायचीही गरज नव्हती. मुंग्याच सांगत होत्या.

तेवढ्यात तीच पुढे झाली.

"मॅडम, त्यो घास हाय. म्या घातला. भाकरी आन् गूळ." आणि तिने सगळं सांगितलं. रिकाम्या पोटाची गोधडी, झोप न लागणं, आईने शिकवलेलं, आईच्या आईने शिकवलेलं. "चूक झाली. तिकडं पाव्हणे यायचेत हे ध्येनातच न्हाई आलं. म्या उसवून देते."

मॅडम ऐकत होत्या. मग त्यांनी तोंडावर हात ठेवला. मला वाटलं आता ओरडतील. तर त्या म्हणाल्या, "अहो आजी! भुकेच्या चौकोनात घास! हे तर... हे तुम्ही दिल्लीत सांगायलाच हवं!"

आणि पुन्हा डोळ्यांत पाणी. आता भाकरी काढून त्या जागी ज्वारीचे दाणे छोट्या डबीत घालून वेगळे लावू, खाली माहिती लिहू, असं त्यांचं लगेच सुरू झालं. मुंग्या अजून चालतच होत्या.

मग मला राहवलं नाही. मी पुढे आले. "मॅडम, आमच्यातही रीत आहे. मी मासा घातला. समुद्राच्या चौकोनात. सुका बांगडा."

मॅडम माझ्याकडे वळल्या. नाकावर रुमाल होताच. त्या काही बोलायच्या आधी मागून आवाज आला. कोपऱ्यातल्या खोलीतली देवगडची. गटात कोकणातल्या आम्ही दोघीच.

"खयची गो रीत? माझ्या सासरी नाय, माहेरी नाय. बांगडो वाकळीत घालतत? तुझ्या घरात तव्यार जागा नाय काय?"

ऑफिस हसून हसून पडलं. कोणी भिंतीला टेकलं, कोणी एकमेकींच्या अंगावर पडलं. मॅडमनीही रुमालाआड तोंड लपवलं, खांदे हलत होते. समोरची तेवढी हसली नाही. ती हसली असती तर मला बरं वाटलं असतं.

"गप बस गो," मी देवगडचीला म्हटलं.

निळा चौकोन उसवून मला परत दिला. धुवा, उन्हात वाळवा, भोकाला ठिगळ लावा आणि लवकर आणून द्या. मी तो गच्चीवर घेऊन बसले, पाण्याच्या टाकीच्या सावलीत. सोडा लावून धुतला, लिंबू लावून धुतला. वास गेला नाही, कमी झाला. भोकाजवळ ठिगळ लावताना माझ्या लक्षात आलं की दुसरा मासा काढला तर भोक झाकेल. म्हणून एक बारका मासा लावला.

ती जिना चढून वर आली. गुडघे धरत आली, कारण अकरा नंबर बंद. माझ्याजवळ बसली, सुई मागितली आणि एका बाजूने टाके घालायला लागली. मी नको म्हटलं नाही. काम लवकर व्हायला हवं होतं.

टाके घालता घालता ती म्हणाली, "मला भ्या वाटतंय."

"कसलं?"

"इमानाचं. आन् त्या मंचाचं. तितं काय बोलू? मॅडम म्हंत्यात, इथं बोललात तसंच बोला. आता इथं बोलले तेव्हा बोलले. परत रडू आलं न्हाई तर?"

मी सुईत दोरा ओवला.

"तूच जा," ती म्हणाली. "तुला कशाचं भ्या न्हाई. तू बोलतीस बी चांगलं. म्या मॅडमला सांगते."

"जाते," मी म्हटलं.

तिची सुई थांबली. तिने माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं होतं मी म्हणेन, अगं नको, तूच जा, काही होत नाही, घाबरू नको. बायका एकमेकींना असंच म्हणतात. मीही कोणाला म्हटलं असेल. पण मला जायचं होतं आणि तिने विचारलं होतं.

"तसं न्हवं..." ती म्हणाली. "मॅडमनी नाव पाठवलंया ना आता. तिकीट बी काढलंया. पोरीनं साडी आणलीय."

"मग कशाला विचारलंस?"

"आसंच."

"द्यायचं नसेल तर विचारू नये."

आम्ही उरलेले टाके घातले. तिचे टाके सरळ आले, माझे रागाने जरा लांब पडले. अजूनही ती गोधडी कुठे लावली असेल तर निळ्या चौकोनात दोघींची शिलाई वेगळी कळेल.

ती गेली. जायच्या दिवशी सकाळी तिची मुलगी आणि जावई गाडी घेऊन आले. ती नव्या साडीत, केसांत गजरा, हातात माझ्याकडची थर्मासची बाटली. तिची गळत होती म्हणून मागायला आली होती. मी दिली. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला आहे, त्याला जेवण माझ्या सुनेने द्यायचं आणि संध्याकाळचं पाणी मी भरायचं असं ठरलं होतं. मी तिची पिंपं भरली. माझी आधी भरली, मग तिची. ती समोर असती तर मी तिची आधी भरली असती, हे सांगून टाकते.

ती परत आली त्या दिवशी संध्याकाळी माझ्याकडे बसायला आली. बाटली धुऊन आणली होती. मी चहा ठेवला. इतर कोणी नव्हतं. मी तिला काही विचारणार नव्हते, पण विचारलं.

"कसं होतं?"

"लई मोठं. गारठा लई, आतच. मला शाल दिली कुणीतरी."

"मंचावर काय बोललीस?"

"बोलले दोन वाक्यं. मग त्यांच्यात येक बाई इंग्रजीत बोलत बसली, तिचंच लांबलं. माझ्यासाठी मानूस ठिवला होता, माझं बोलणं इंग्रजीत करायला. त्यो माझ्यापेक्षा जास्त बोलला. काय बोलला देव जाणे. टाळ्या पडल्या."

"आणि गोधडी?"

"लई वर लावलीती. माझा चौकोन दिसतच न्हवता, डोकं वर करून मान दुखली. तुझा खाली आलता. लोक तुझा मासा हात लावून बघत होते. दोन मासे का, म्हणून विचारत होते."

हे ऐकून मला काय झालं ते मी चहा गाळताना पाठ करून लपवलं.

"विमानात?" मी विचारलं. "खिडकीतून काय दिसलं?"

ती बशीत चहा ओतत राहिली. मग हळूच म्हणाली, "खिडकी कुठली. मधली शीट होती. दोन्ही बाजूला बापे. खिडकीवाला झोपला आन् त्यानं ते खिडकीचं झाकण खालीच ओढून घेतलं. येताना बी तसंच. म्या विमानात बसले आन् उतरले, बस्स. आतनं इमानाचा डबा तेवढा बघितला."

मला बरं वाटलं. खरं सांगते, फार बरं वाटलं. इतकी वर्षं तिच्या दारात आधी नळ, आधी मीटर, आधी गॅस, आणि विमानातही आधी तीच, पण बघायला मिळालं काहीच नाही. मी तिला आणखी एक बिस्कीट दिलं.

पुढच्या बैठकीला मॅडमनी तिला पुढे खुर्चीवर बसवलं. बायका चटईवर. मीही चटईवर. मोठ्या पडद्यावर फोटो दाखवले. मग सगळ्या म्हणायला लागल्या, सांग गं, सांग गं, विमानातून काय दिसलं.

ती बोलायला लागली. आधी चाचरत, मग जोरात. "विमान वर गेलं ना, तर म्या खिडकीतनं खाली बघितलं. सगळं घाटकोपर दिसलं. डोंगर दिसला. आन् आपली बिल्डिंग! बरोब्बर आपली! म्हटलं, बघा, आपली मानसं एवढी एवढी."

बायकांनी तोंडावर हात घेतले. देवगडचीने डोळे बारीक केले. "एवढ्यातून आपली बिल्डिंग कशी गो वळखलंस? सगळी येकासारखीच." आणि ती माझ्याकडे वळली. "तू सांग गो. तुका सांगल्यानच असतला. खरा काय?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी तोंडावर बोलते हे वस्तीत सगळ्यांना माहीत आहे. समोरची खुर्चीत ताठ झाली. तिचे डोळे माझ्यावर होते, त्या दिवशी मुंग्यांवर होते तसे.

"खरं आहे," मी म्हटलं. "मला आल्या दिवशीच सांगितलं तिने. गच्चीवरची टाकीसुद्धा दिसली म्हणाली."

"हां, टाकी!" ती म्हणाली. "काळी टाकी! ती तर लगीच दिसली." आणि मग टाकी, टाकीवरचं झाकण, टाकीशेजारी वाळत घातलेले कपडे, सगळं तिला दिसायला लागलं. मॅडम लिहून घेत होत्या.

बैठक संपली. आम्ही जिने चढलो, ती दोन पायऱ्या पुढे, मी मागे. पहिल्या मजल्यावर ती थांबली, कठड्याला धरून श्वास घेतला आणि वळली.

"खरं का गं बोलली न्हाईस?"

"पुढच्या वेळी मी जाणार आहे," मी म्हटलं. "परिषद काय एकदाच होते का? होणारच पुन्हा. तेव्हा मी येऊन जे सांगेन ते सांगेन. तू खाली बसायचंस आणि मान हलवायचीस."

तिने पदराने घाम पुसला. मग म्हणाली, "व्हय." आणि दोन पायऱ्या चढून पुन्हा थांबली.

"खिडकी माग पण. आधीच माग. न्हाईतर मधे बसवत्यात."